वळ कुणाच्या पाठीवर?

(आळे, ता. जुन्नर येथे मुस्लिम तरुण-तरुणींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय : एखाद्या देशावर दुसऱ्याने आक्रमण केलं, तर आपल्यासारखी मोठी लोकशाही काय करते? विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की नोकरीचं बोला, शिष्यवृत्तीचं बोला, कांद्याच्या भावाचं बोला. हे दिल्लीचं आणि न्यूयॉर्कचं राजकारण आळ्यात कशाला?

म्हणून सुरुवात आळ्यापासूनच करतो. इथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे, मग ते कुठल्याही घरातलं असो. पण त्या कथेत त्याआधी एक प्रसंग येतो, तो आपण घाईत विसरतो. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ उठले ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मार दुसऱ्याला बसतो तेव्हा वळ आपल्या पाठीवर उठतात का? आणि उठतात तर कुणाच्या माराने उठतात आणि कुणाच्या माराने उठत नाहीत?

हा प्रश्न मी देशाला विचारणार आहे. पण आधी स्वतःला विचारतो, कारण मी त्यात एकदा नापास झालोय.

१९९० सालची गोष्ट. मी नववीत होतो, आळेफाट्याला राहायचो. माझी खाला महाडकडे दिलेली. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांसारखंच तिचंही घर कुवेतच्या पैशावर उभं राहिलं होतं. खालू तिकडे एका कंपनीत ड्रायव्हर होते. त्या पावसाळ्यात खाला दोन मुलांना घेऊन माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली होती.

२ ऑगस्टला सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. अब्बा रोज रात्री बीबीसी उर्दू लावायचे, त्यावर आम्हाला कळलं. कुवेतचे फोन बंद पडले. गंमत बघा, इथून जवळच आर्वीला १९७१ पासून देशाचं उपग्रह दळणवळण केंद्र उभं आहे. परदेशाशी बोलणं जोडून देणाऱ्या त्या भल्यामोठ्या तबकड्या आमच्या उशाशी होत्या आणि खालाला नवरा जिवंत आहे की नाही हे आठ आठवडे कळलं नाही.

आणि त्याच दिवसांत माझं काय चाललं होतं? स्टँडजवळच्या केस कापायच्या दुकानात सद्दामचा फोटो लागला होता. लष्करी टोपी, मिशा, रुबाब. आम्ही पोरं म्हणायचो, हा शेर आहे, हा अमेरिकेला भिडणार, हा पॅलेस्टाइन सोडवणार. मी वर्तमानपत्रातला त्याचा फोटो कापून भूगोलाच्या वहीला चिकटवला होता. एके दिवशी खालाने ती वही पाहिली. ती काहीच बोलली नाही. वही मिटली, माझ्या दप्तरात ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

सप्टेंबरच्या शेवटी खालू आले. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, मध्ये वाळवंटातला तंबू, पाण्यासाठी रांग, मग अम्मान आणि तिथून विमानाने मुंबई. अकरा वर्षांची कमाई एका पिशवीत. खिशात कुवेती दिनार होते, पण इराकने ते आधी आपल्या दिनारच्या बरोबरीला आणले आणि मग चलनातूनच काढून टाकले होते. आमच्या पोरांपैकी कुणीतरी त्यांना उत्साहाने विचारलं, सद्दाम कसा आहे? खालू एवढंच म्हणाले, "किसका शेर, बेटा? मेरा तो घर खा गया."

पण त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. नाक्यावरच्या इराकी शिपायांमध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरं होती, उपाशी असायची, भाकरी मागायची. खालूंनी त्यांना भाकरी दिली होती. म्हणजे राग कुणावर करायचा आणि कुणावर नाही, हे त्या न शिकलेल्या माणसाला कळत होतं. मला नववीत असून कळत नव्हतं.

मी सद्दामला हिरो का केलं, याचा नंतर पुष्कळ विचार केला. पॅलेस्टाइनचं दुःख खरं होतं, अमेरिकेचा दुटप्पीपणा खरा होता. पण याच माणसाने इराणशी आठ वर्षं युद्ध केलं होतं. मार्च १९८८मध्ये हलबजा गावावर विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले होते. इराणी मुसलमान, कुर्द मुसलमान, कुवेती मुसलमान. मारणारा आपल्यातला आणि मरणारेही आपल्यातले, तरी आम्ही मारणाऱ्याचा फोटो लावला. भाऊ जालीम असो की मजलूम, त्याला मदत करा, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलं. जालीमला मदत कशी करायची, असं लोकांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, त्याला जुल्मापासून रोखून. ही हदीस आम्हाला पाठ होती. कुवेतच्या वेळी ती कुणालाच आठवली नाही.

आता आपल्या देशाने काय केलं ते पाहू. तेव्हा व्ही. पी. सिंग पंतप्रधान होते, इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री. गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापून आला आणि भारतावर टीका झाली. कुवेतसारखा छोटा देश गिळला गेला होता आणि भारताने आक्रमकाला ठणकावून नाव घेऊन दोष देणं टाळलं. का? तिथे आपली दीड लाखाहून जास्त माणसं अडकली होती. इराक आपला जुना मित्र होता, तेल देत होता, काश्मीरच्या प्रश्नात आपल्या बाजूने बोलत होता.

त्या मिठीच्या बदल्यात माणसं सुटली का? सुटली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या विमानांनी अम्मानहून जवळजवळ पाचशे फेऱ्या केल्या, दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक लोक परत आणले. नागरी विमानांनी केलेली जगातली सर्वांत मोठी सुटका म्हणून तिची नोंद आहे. त्यातल्या एका विमानात माझे खालू होते. म्हणून मी गुजरालांच्या मिठीला हसू शकत नाही. पण त्या मिठीची किंमत कुवेती माणसाने मोजली, हेही विसरू शकत नाही. दोन्ही खरं आहे. परराष्ट्र धोरण म्हणजे अशा दोन खऱ्या गोष्टींमधली निवड असते.

पुढे नोव्हेंबरमध्ये सरकार बदललं, चंद्रशेखर आले. देशाची परकीय गंगाजळी आटली होती, नाणेनिधीकडून कर्ज हवं होतं. जानेवारी १९९१मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानांना भारतात, मुंबईतसुद्धा, इंधन भरू दिलं गेलं. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, राजीव गांधींनी विरोध केला आणि फेब्रुवारीत ते बंद झालं. ऑगस्टमध्ये इराकला न दुखावणारा देश जानेवारीत इराकवर बाँब टाकायला निघालेल्यांच्या विमानांना तेल भरू देत होता. गरज बदलली, तशी भाषा बदलली.

ही सवय जुनी आहे. १९५६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन आक्रमणं एकाच वेळी झाली. इजिप्तवर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला. नेहरूंनी त्याचा लगेच आणि स्पष्ट निषेध केला. त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे हंगेरीत बुडापेस्टमध्ये शिरले. ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. आदल्याच वर्षी ख्रुश्चेव्ह श्रीनगरला येऊन काश्मीर भारताचं म्हणून गेले होते, हे त्यामागचं एक कारण. जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंना यावरून जाहीरपणे धारेवर धरलं. काही आठवड्यांनी नेहरूंची भाषाही बदलली.

१९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. सुरक्षा समितीत भारत पुन्हा तटस्थ. पण इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातल्या एका मंत्र्याने या भूमिकेवरून राजीनामा दिला. ते अशोक मेहता, समाजवादी चळवळीतले, सोलापूर-मुंबईत शिकलेले, एकेकाळी आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. प्राग कुठे आणि भंडारा कुठे! त्या शहरात त्यांच्या जातीधर्माचं कुणी नव्हतं. तरी एका माणसाने खुर्ची सोडली. मला वाटतं, त्यांच्या पाठीवर वळ उठले होते.

डिसेंबर १९७९मध्ये तेच सैन्य अफगाणिस्तानात शिरलं. जानेवारीत आमसभेत १०४ देशांनी फौजा मागे घ्या म्हणून मत दिलं, भारत पुन्हा तटस्थ. इकडून पाकिस्तानला अमेरिकी शस्त्रं मिळणार आणि आपली शस्त्रं रशियाची, हे गणित होतं. गणित चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण गणिताच्या त्या कागदावर अफगाण माणूस कुठे होता, हे विचारायला हवं.

आता २००३. माझ्या मते या विषयात आपल्या संसदेने शिकवलेला सर्वांत मोठा धडा या वर्षात आहे.

२० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजांनी इराकवर हल्ला केला. कारण सांगितलं महासंहारक शस्त्रांचं, जी पुढे सापडलीच नाहीत. सुरक्षा समितीची परवानगी नव्हती. म्हणजे या वेळी आक्रमण करणाऱ्या स्वतःच दोन लोकशाह्या होत्या. ब्रिटनमध्ये मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला आणि सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. त्याआधी १५ फेब्रुवारीला जगभर शेकडो शहरांत लोक रस्त्यावर आले होते. लंडनमधल्या त्या गर्दीत बहुसंख्य मुसलमान नव्हते, हे लक्षात ठेवा.

इकडे दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींचं सरकार होतं. अमेरिकेशी मैत्री वाढत होती, त्यामुळे सरकार म्हणत होतं मधला मार्ग. विरोधक म्हणत होते, संसदेत ठराव करा. गाडी अडली एका शब्दावर. इंग्रजीत दोन शब्द आहेत, कन्डेम आणि डिप्लोर. पहिला कडक, दुसरा मवाळ. विरोधकांना पहिला हवा होता, सरकारला तो नको होता. शेवटी तोडगा निघाला हिंदीत : 'निंदा'. ज्याला कन्डेम वाचायचं त्याने तसं वाचावं, ज्याला डिप्लोर वाचायचं त्याने तसं. ८ एप्रिलला लोकसभेने तो ठराव एकमताने मंजूर केला. अध्यक्षांच्या खुर्चीवर होते मनोहर जोशी, शिवसेनेचे, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. ठरावात फौजा मागे घेण्याची मागणी होती. दुसऱ्या दिवशी बगदाद पडलं.

आपण मराठी माणसं या शब्दावर जरा थांबू. मराठीत निंदा आणि निषेध यांत फरक आहे. निंदा आपण पारावर बसून करतो, पाठीमागे करतो, ती करायला काही लागत नाही. निषेध तोंडावर करावा लागतो, त्याची जबाबदारी घ्यावी लागते. खेद तर त्याहून स्वस्त. गाडी उशिरा आली तरी तो व्यक्त होतो. सरकारं बोलतात तेव्हा हे शब्द मोजून वापरतात. म्हणून नागरिकांनी ते मोजून ऐकावेत. 'आम्हाला चिंता वाटते' म्हणजे काय, 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' म्हणजे काय, आणि ज्याने आक्रमण केलं त्याचं नाव वाक्यात आहे की नाही, हे पाहायला शिका. घर जळत असताना 'आग लागली' म्हणणं आणि 'अमक्याने लावली' म्हणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग 'निंदा' फुकट गेली का? तसं नाही. काही आठवड्यांनी अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं, सुमारे १७ हजार जवानांची तुकडी. दिल्लीत बरेच जण अनुकूल होते. मोठी सत्ता व्हायचं तर असं करावं लागतं, असे लेख छापून येत होते. पण १४ जुलै २००३ रोजी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, तर आमचे जवान नाहीत. तीन महिन्यांपूर्वी सगळ्या पक्षांनी मिळून केलेला ठराव समोर असताना होकार देणं कोणत्याही सरकारला सोपं नव्हतं. विचार करा, तो होकार गेला असता तर साताऱ्याची, कोल्हापूरची, आपल्या जुन्नर-आंबेगावची पोरं दुसऱ्याने केलेल्या आक्रमणाची राखण करायला इराकमध्ये उभी राहिली असती.

त्या दिवसांबद्दल राजकीय वर्तुळात एक आठवण सांगितली जाते. नागपूरचे कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन आणि हरकिशनसिंग सुरजित वाजपेयींना भेटायला गेले, सैन्य पाठवू नका म्हणाले. तेव्हा वाजपेयींनी त्यांनाच विचारलं, की तुमचा विरोध बाहेर फारसा ऐकू येत नाही, असं कसं? जाणकारांनी त्याचा अर्थ असा लावला, की पंतप्रधानांनाच नकार द्यायचा होता आणि त्यासाठी रस्त्यावरचा आवाज हवा होता. लोकशाही आणि राजेशाही यांत हाच फरक आहे. राजाला नाही म्हणायला मनाची इच्छा पुरते. लोकशाहीतल्या पंतप्रधानाला नाही म्हणायला लोकांचा आवाज लागतो. आपण गप्प बसलो, तर चांगलं वागू इच्छिणाऱ्या सरकारचाही आधार जातो.

आता तुमच्या आठवणीतलं. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. तिथे वीस हजारांहून जास्त भारतीय होते, बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारे, त्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ. खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. सरकारने 'ऑपरेशन गंगा'खाली शेजारच्या देशांतून विमानांनी मुलं परत आणली. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या आक्रमणाविरुद्ध मत दिलं, ५ देशांनी ठरावाच्या विरोधात, आणि ३५ तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये. सप्टेंबरात समरकंदला पंतप्रधान मोदी पुतिन यांना म्हणाले, की हा काळ युद्धाचा नाही. वाक्य चांगलं होतं, जगभर गाजलं. पण त्यात आक्रमण हा शब्द नव्हता. आणि युद्धाआधी रशियाकडून जेमतेम येणारं कच्चं तेल पुढच्या दोन वर्षांत आपल्या आयातीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं.

सरकारची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. शस्त्रं आणि सुटे भाग रशियाचे आहेत, लडाखमध्ये चीन उभा आहे, तेल महागलं तर तुमच्या दुचाकीपासून टोमॅटोच्या टेम्पोपर्यंत सगळं महागतं. युरोपनेही स्वतःची गरज असेपर्यंत रशियाचा गॅस घेतलाच. हे सगळं खरं आहे. युक्रेनचं सूर्यफूल तेल यायचं थांबलं तेव्हा तुमच्या अम्मीने पिशवीचा भाव ऐकून काय म्हटलं, ते आठवा. वळ आपल्याही पाठीवर उठतात, फक्त त्यावर किराण्याचं नाव असतं.

पण त्या वेळी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत काय फिरत होतं? इराकवर बाँब पडले तेव्हा युरोप कुठे होता, आता भोगू दे. मी हे मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडून ऐकलं. आणि पलीकडच्या गटांत गाझाबद्दल अगदी तसंच फिरतं, भोगू दे म्हणून. दोन्हीकडची भाषा एक, फक्त मरणारा बदललेला. गाझावर ऑक्टोबर २०२३मध्ये आमसभेत युद्धविरामाचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला, डिसेंबरमध्ये मात्र युद्धविरामाच्या बाजूने मत दिलं. यातल्या पहिल्या मतावर आपण चिडलो. बरोबर चिडलो. पण युक्रेनच्या मतावर आपल्यापैकी किती जण चिडले? दोन्ही वेळी हात खाली ठेवणारा देश तोच होता. आपण मात्र एकदा जागे झालो आणि एकदा झोपलो.

आक्रमणाला धर्म नसतो, हे शिकायला लांब जायची गरज नाही. मलिक अंबरने काही काळ निजामशाहीची राजधानी आपल्या जुन्नरला ठेवली होती. त्याच्यावर चालून येणारा मुघल बादशहा मुसलमान, बचाव करणारा हबशी वजीर मुसलमान, आणि त्याच्या बाजूने लढणारे शहाजीराजे आणि मराठे सरदार. १६२४मध्ये भातवडीला ते एकत्र लढले. आपली जमीन कुणी तुडवू नये, ही भावना कुठल्या एका धर्माची नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्या मनात एक भीती आहे. ती उघड बोलू या. आपण परदेशातल्या अन्यायाबद्दल बोललो, की लगेच विचारलं जातं, तुमची निष्ठा कुठे? या भीतीने काही जण गप्प बसतात, काही जण फक्त आपसात कुजबुजतात. यावर माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर घटनेचं. अनुच्छेद ५१ सांगतो, की राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता वाढवण्याचा, राष्ट्रांमध्ये न्यायाचे आणि सन्मानाचे संबंध राखण्याचा आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर जोपासण्याचा प्रयत्न करावा. एखाद्या देशावरच्या आक्रमणाबद्दल सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे घटनेने दिलेलं काम करणं. २००३चा ठराव एकमताने झाला होता. तो मुसलमानांचा ठराव नव्हता, भारताचा होता.

दुसरं उत्तर आपल्या वागण्याचं. आपण फक्त मुसलमान मेले की बोलत असू, तर शंका घेणाऱ्याच्या हातात आपणच काठी देतो. बुडापेस्ट, प्राग, काबूल, कुवेत, बगदाद, कीव्ह, गाझा, सगळीकडे एकच माप लावा. लोक तरीही बोलतील, सगळ्यांची तोंडं बंद होणार नाहीत. पण तुमचं माप खोटं आहे, असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. न्यायाने वागा, तो स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरोधात गेला तरी, हा कुरआनच्या सूरह निसामधला आदेश आहे. इन्साफ आपल्या माणसापुरता ठेवला, तर ती नुसती नातेवाईकी होते.

आता करायचं काय? मोठमोठं काही सांगत नाही. जगात कुठेही आक्रमण झालं, की भारताने संयुक्त राष्ट्रांत मत काय दिलं ते शोधा. मतांच्या नोंदी जाहीर असतात. मत देताना आपल्या प्रतिनिधीने जे निवेदन केलं तेही वाचा, आणि त्यात आक्रमकाचं नाव आहे का ते बघा. मग आपल्या खासदाराला पत्र लिहा. आपण शिरूर लोकसभा मतदारसंघात येतो. पाण्यासाठी, बिबट्यासाठी, कांद्याच्या निर्यातबंदीसाठी आपण खासदाराला धरतोच. या प्रश्नासाठीही धरा. लोकसभेत प्रश्न विचारणं हे त्यांचं काम आहे आणि तो विचारायला लावणं हे आपलं. आणि पत्रावर सह्या घ्याल तेव्हा फक्त मोहल्ल्यात घेऊ नका. वेशीपासून सुरू करा, वारकऱ्यांकडे जा, शाळेतल्या सरांकडे जा.

खालूंचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. आक्रमणाने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९१मध्ये एक नुकसानभरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे द्यायचे ठरवलं. कुवेत सोडावं लागलेल्या लाखो सामान्य कामगारांना त्यातून ठरावीक रक्कम मिळाली, भारतीयांनाही. खालूंनी अर्ज भरला होता. काही वर्षांनी पैसे आले. गेलेल्या कमाईच्या मानाने थोडे होते, पण त्यांनी त्या कागदाची प्रत जपून ठेवली. म्हणायचे, की जगात कुणीतरी लिहून दिलं की माझ्यावर जुल्म झाला होता.

पण तो पैसा आला कुठून, हेही त्यांना माहीत होतं. तेव्हा इराकवर कडक निर्बंध होते, औषधाअभावी तिथली मुलं मरत होती. पैसे घेऊन आले त्या दिवशी खालू खालाला म्हणाले, की ज्या पोरांना मी भाकरी दिली त्यांच्याच ताटातून हे आलंय. त्यातले थोडे त्यांनी बाजूला काढून मशिदीत दिले, नाव न सांगता.

मी तेव्हा तिथेच होतो. माझ्या भूगोलाच्या वहीवरचा फोटो मी कधीच फाडून टाकला होता, पण वही खालाने मिटली होती ते मला त्या दिवशी पुन्हा आठवलं. ज्याचं घर इराकने लुटलं, त्या माणसाच्या पाठीवर इराकी पोरांसाठी वळ उठले होते. सरकारांकडून एवढी अपेक्षा करता येणार नाही. नागरिकांकडून करता येते, आणि नागरिकांनी केलं तर कधीतरी, २००३सारखं, सरकारलाही करावं लागतं.

आता तुम्ही विचारा.